डबा उघडण्याआधी

"मला न्हाई आवडत हे. मग थँक्यू कशाला?"

पार्थ एवढंच म्हणाला. रागानं नाही, रडूनही नाही. नळाला पाणी आलंय असं घरात येऊन सांगावं, इतक्या सहज. वर्तुळात मांडी घालून बसलेल्या बाकीच्या वीस पोरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. प्रत्येकाच्या पुढ्यात डबा होता आणि प्रत्येक डब्याचं झाकण बंद होतं. साडेदहा वाजून गेले होते. वर्तुळातल्या शेवटच्या मुलानं देवाला, शेतकऱ्याला आणि आईला थँक्यू म्हटल्याशिवाय कुणीही झाकण उघडायचं नाही, असा आमच्या शिशुवर्गात नियम आहे. रंगीत कागदाची अक्षरं कापून तो भिंतीवर लावलाय, शेजारी सूर्यफूल आहे आणि सूर्यफुलाला हसरं तोंड आहे. नियम माझा, कागद मी कापला, सूर्यफूलही माझंच. दोन वर्षांत एकाही लेकरानं मला 'कशाला' असं विचारलं नव्हतं. लेकरांचं सोडा, वयाच्या शेहेचाळीस वर्षांत मी स्वतःसुद्धा ते कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि आता केडगावहून व्हॅननं येणारा, नाक पुसून पुसून बाही कडक झालेला हा साडेचार वर्षांचा पोरगा तेच विचारत होता.

या कामासाठी माझ्याकडे एक आवाज आहे. मऊ, थोडा खालच्या पट्टीतला, शब्दाच्या शेवटी किंचित लांबवलेला. पालकांना तो फार आवडतो. घरी एकटी असताना मी तो काढून बघितलाय, तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली होती. तोच आवाज लावून मी म्हटलं, "पार्थ बाळा, अजून डबा उघडलाच नाहीस तू. मग आवडत नाही हे कसं कळलं?"

"वास घेतला. व्हॅनमधी."

"आईनं किती प्रेमानं भरून दिलाय."

"असंल." त्यानं एका बोटानं डबा पुढे सरकवला. स्टीलचा, गोल, बाजूला 'हनुमंत' असं कोरलेला. ते त्याच्या आजोबांचं नाव. त्यांच्या घरातल्या पातेल्यापासून चमच्यापर्यंत सगळ्यावर तेच असणार. "पण मला न्हाई आवडत. तुमीच सांगितलंय, खोटं बोलायचं न्हाई."

सांगितलं होतं. ते गुरुवारी असतं. सोमवारी दया, बुधवारी वाटून खाणं, गुरुवारी खरं बोलणं, आणि थँक्यू रोजचं, डब्याआधी. वेळापत्रक मीच बसवलंय आणि इतकं नीट बसवलंय, की यातली कुठलीच गोष्ट दुसरीच्या अंगावर येऊ नये. आली नव्हतीही कधी. मुलं घरी जाऊन दुधाला थँक्यू म्हणायची, आजीच्या गुडघ्याला म्हणायची, ओमनं तर इंजेक्शन टोचणाऱ्या डॉक्टरांना म्हटलं आणि त्यांनी ते सगळ्या दवाखान्याला सांगितलं. ज्ञानेश्वरी म्हणून एक चिमुरडी आहे, तिनं अंगणातल्या कडुलिंबाला मिठी मारून थँक्यू म्हटलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाली, तो एकटाच उभा राहतो म्हणून. त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, की आपण काहीतरी चांगलं करतोय. तसं वाटायचे दिवस होते. हे सगळं ढोंग होतं असं आता म्हटलं तर ते पुन्हा खोटंच होईल.

सोपा मार्ग समोर होता. झाकण उघडायचं, आत काय आहे ते बघायचं. नावडती भाजी असेल तर म्हणायचं, बरोबर आहे बाबा तुझं, आज नको म्हणूस. एवढंच तर होतं. मी पुढे वाकले, हात डब्यापर्यंत नेलाही, तोच ज्ञानेश्वरी ओरडली, "मिस! उघडायचं नसतं! वर्तुळ पूर्ण न्हाई झालं!" आणि चार-पाच जण लगेच तिच्या सुरात सूर मिसळून "नसतं, नसतं" करायला लागले. मी हात मागे घेतला. आपणच शिकवलेल्या पोरांपुढे, चोरी पकडल्यासारखा. ही पोरं मोठेपणी काय होतील ते देव जाणे, पण नियम पाळायला त्यांना आता माझी गरज राहिलेली नाही.

नियम माझा म्हणते, पण तो मी आणला बोर्डिंगमधून. वडील गेल्यावर आईनं मला नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात ठेवलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिथं जेवायच्या आधी उपकारस्तुती असायची, सगळ्याच ख्रिस्ती घरांत असते, त्यात वावगं काही नाही. डोळे मिटायचे, पुढ्यातल्या आमटीचा वास घ्यायचा आणि कुणीतरी मोठं माणूस देवाशी बोलत असायचं. ते मला आवडायचंसुद्धा. पण बोर्डिंगात उपकार फक्त देवाचे नव्हते. वर्षातून एकदा पाहुणे यायचे, दूरचे, आणि प्रत्येक मुलीला रंगीत कागदात बांधलेलं पुडकं मिळायचं. एकेकीनं पुढे जायचं, पुडकं हातात घ्यायचं, छातीशी धरायचं, थँक्यू म्हणायचं, फोटो काढू द्यायचा आणि मग जागेवर येऊन बसायचं. उघडायचं नंतर, पाहुणे गेल्यावर. एका वर्षी माझ्या पुडक्यात बूट निघाले. काळे, चकचकीत, पट्टा असलेले, आणि माझ्या पायाला दोन बोटं लहान. शेजारच्या मुलीला मोठे आले होते. आम्ही दोघी मोठ्या बाईंकडे गेलो, बदलून घेऊ का म्हणून विचारायला. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एस्तेर, ज्यांना तू थँक्यू म्हणालीस, त्यांना वाईट नाही का वाटणार?" मी ते बूट वर्षभर घातले. माझ्या उजव्या पायाची करंगळी अजून शेजारच्या बोटावर चढून बसते. पण मला आठवतं ते दुखणं नाही. मला आठवतो तो क्षण, पुडकं छातीशी धरल्याचा, आत काय आहे ते माहीत नसताना चेहऱ्यावर आणलेला आनंद. तो आनंद मला फार छान जमायचा. पाहुण्यांबरोबर फोटोला नेहमी मलाच पुढे उभं करायचे.

"म्हण ना रे," कुणीतरी कुजबुजलं. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं आणि दोघं हसली. पार्थ हसला नाही. तो आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत बसला होता, अगदी निवांत. त्याच्या निवांतपणाचा मला राग येत होता, हे मी कबूल केलं पाहिजे. इतकं सोपं असतं का 'न्हाई' म्हणणं? कुठं मिळतं ते? घरी कुणी तरी याला न मारता, न ओरडता, नुसतं ऐकून घेतलेलं असणार, त्याशिवाय नाही येत हे. आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला वाटत होतं, यानं म्हणू नये. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कितीही वेळ जाऊ दे, पण यानं म्हणू नये.

तेवढ्यात मालनताई आल्या. संस्था त्यांची, इमारत त्यांची, अंगणातला कडुलिंबसुद्धा त्यांनीच लावलेला. त्यांच्याबरोबर सोनईहून आलेल्या दोन बायका होत्या. तिथं असाच शिशुवर्ग काढायचा होता आणि आमचं धन्यवादाचं वर्तुळ बघायला म्हणून त्या मुद्दाम आजच्या दिवशी आल्या होत्या. मला ते सकाळी सांगितलेलं होतं. मी विसरले होते, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

"ही आमची एस्तेर," मालनताई दारातूनच म्हणाल्या. "ख्रिश्चन आहे, पण मुलांवर संस्कार बघा किती सुंदर करते." त्या दोघी कौतुकानं हसल्या, मीही हसले. तो 'पण' मी गेली अकरा वर्षं ऐकतेय आणि दरवेळी हसतेय. त्यांच्या मनात काही नसतं, हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच काही बोलता येत नाही. वर्तुळात आम्ही 'देवाला थँक्यू' म्हणतो तेव्हा नाव कुणाचंच घेत नाही. मुलं डोळे मिटून आपापल्या घरातला देव बघतात, मी माझा बघते. निदान पूर्वी बघायचे. हल्ली डोळे मिटले की मला मालनताई दिसतात. हे वाक्य चर्चमध्ये उभं राहून सांगायची माझी हिंमत नाही.

सॅमसन, माझा नवरा, गेला तेव्हा घरमालकानं पंधरा दिवसांत खोली मागितली. मुलगी एंजल दहावीत. मालनताईंनी शाळेच्या मागची खोली रिकामी करून दिली, गॅसची शेगडी आणून दिली, एंजलच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी स्वतः तीनदा पुण्याला खेपा घातल्या. कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, एकदा भांडून मोकळी झाले असते. मी आपणहून सकाळी लवकर उठून अंगण झाडायला लागले, त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला चहा करायला लागले, त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला मखर करून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. आता एंजल पुण्याला एका दवाखान्यात आहे, दोन खोल्यांचं घर घेतलंय भाड्यानं, गेले तीन महिने रोज फोनवर एकच: "मम्मी, आता ये. पुरे झालं." मी रोज म्हणते, ताईंना सांगते आणि येते. आणि रोज सकाळी मालनताई दिसल्या की तोंडाचं कुलूप उघडत नाही. काल फोनवर एंजल शांतपणे म्हणाली, "तुला त्यांनी कोंडून ठेवलेलं नाही गं. दार उघडंच आहे. तू निघत नाहीस." आज मी सांगणार होते. वर्तुळ झालं, डबे झाले, की ऑफिसात जाऊन सांगायचं, असं दात घासताना नक्की केलं होतं.

"काय झालं? थांबलात का?" मालनताईंनी विचारलं.

"ताई, पार्थ न्हाई म्हणत!" ज्ञानेश्वरीनं सांगून टाकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला भूक अजिबात धरवत नाही, घरून आठला दूध पिऊन निघते.

मालनताई रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नाहीत. त्या गालात हसल्या आणि मला म्हणाल्या, "म्हणून घे त्याच्याकडून. तुला छान जमतं." सोनईच्या एका बाईंनी मोबाईल वर धरला.

आणि तेव्हा ओम उठला. ओम म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात जाडा, सगळ्यात खादाड मुलगा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आपल्या डब्याच्या वरच्या खणाचं झाकण नियमाच्या डोळ्यांदेखत टक्कन उघडलं, दोन शंकरपाळी काढली आणि वर्तुळाच्या मधून चालत जाऊन पार्थच्या हातावर ठेवली. "हे घे. हे तर आवडतंय ना तुला?" पार्थनं एक तोंडात टाकलं. चावता चावता त्याचा सगळा चेहरा फुलला आणि तो म्हणाला, "थँक्यू, ओम्या."

किती साधा होता तो थँक्यू. त्याला चाल नव्हती, ओळ नव्हती, हातही जोडलेले नव्हते. तोंडात शंकरपाळं असल्यामुळे तो अर्धा कळलाही नाही. दोन वर्षं रोज सकाळी मी ज्याची वाट बघत होते, तो असा समोर येऊन उभा राहिला. झालं, मला ओरडून सांगावंसं वाटलं, झालं वर्तुळ पूर्ण! उघडा रे सगळी झाकणं!

"वा, शाब्बास!" मालनताई म्हणाल्या. "पण राजा, आधी देवाला म्हणायचं ना? मग शेतकरीदादाला, मग आईला. ओमला नंतर. एस्तेर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. 'ताई, म्हटलं त्यानं. आजच्यापुरतं पुरे.' सात शब्दांचंही काम नव्हतं. ते शब्द माझ्या तोंडात आले, जिभेवर मी त्यांची जागा ओळखू शकत होते. माझ्यामागे उघडं दार होतं, बाहेर अंगण, अंगणात ऊन. मोबाईल माझ्याकडे वळला होता. मालनताईंच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचं इतकं निखळ कौतुक होतं, की त्याला ओरखडा काढणं मला जमेना. आणि मग मी जे केलं ते मीच केलं, कुणी करायला लावलं नाही. मी गुडघ्यांवर बसले, पार्थच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो मऊ आवाज लावला.

"पार्थ, बघ बरं, ज्ञानेश्वरी रडतेय. सगळ्यांना किती भूक लागलीय. तुझ्यामुळे सगळी थांबलीत ना, बाळा? त्यांना वाईट नाही का वाटणार?"

त्यानं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळं वर्तुळ फिरून त्याची नजर पुन्हा माझ्यापाशी आली. मी हसत होते. त्याच्या पाठीचा कणा माझ्या हाताखाली आधी ताठ होता, तो हळूहळू सैल झाला. ते माझ्या बोटांना कळलं. मग त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत, एकाही शब्दाला न अडखळता म्हटलं, "देवाला थँक्यू, शेतकरीदादाला थँक्यू, आईला थँक्यू." शेवटचा शब्द त्यानं जरासा लांबवला, मी लांबवते तसा.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या, सुटल्याच्या आनंदात. मालनताई आत आल्या आणि माझा खांदा दाबला. "बघ. मी म्हटलं नव्हतं? अगं, हे दोघींनाही फार आवडलंय. जूनपासून सोनईलाही तूच बसवून दे सगळं. आठवड्यातून दोन दिवस, गाडी पाठवू. अजून चार-पाच वर्षं तरी तुला मी कुठं सोडत नाही. नाही म्हणायचं नाही हं."

"थँक्यू, ताई," मी म्हणाले.

ते कधी निघालं तोंडातून मला कळलंसुद्धा नाही. त्या तिघी ऑफिसाकडे वळल्या आणि मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. वर्गात झाकणांचा खडखडाट सुरू झाला, पोह्यांचा, तुपाचा, लोणच्याचा वास एकमेकांत मिसळला. एंजलला आज फोनवर काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले होते. सांगायचं, जून गेला की नक्की. सांगायचं, त्यांनी इतकं केलंय आपलं. या वाक्यांना मला कष्ट पडत नव्हते.

पार्थच्या खोकल्यानं मी वळले. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ सुजल्यासारखे दिसत होते. डब्यात बाजरीची जाड भाकरी होती आणि तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण घालून खलबत्त्यात कुटलेला, मोठ्या माणसानंही बेतानं लावून खावा असा. एक घास गेलेला होता. दुसरा त्याच्या हातात होता.

"थुंक!" मी तळहात त्याच्या तोंडाशी नेला. "थुंक आधी, पार्थ!"

त्यानं मान हलवली आणि घास गिळला. मी पाणी पाजलं, ओमकडची उरलेली शंकरपाळी त्याच्या तोंडात कोंबली, पदरानं चेहरा पुसला. "हा तुझा डबा नाही ना रे? आजोबांचा ना?"

"व्हय. आजीकडनं बदलला. आजा माझा घिऊन गेला कंपनीत." तो हुंदके देत होता, पण रडण्याचे नव्हेत, जळजळीचे. "माझ्यात शिरा हाय."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की," तो म्हणाला.

त्याला अजून बोलायचं होतं. वर्गाच्या दाराकडे, बायका गेल्या त्या दिशेला, त्यानं एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे. त्यानं बाहीला नाक पुसलं आणि माझी समजूत घातल्यासारखं म्हणाला, "छान हाय, मिस. थोडंसंच तिखट हाय."

मी त्याच्या हातातून भाकरी काढून घेतली. त्यानं ती सोडली, जराही हट्ट न करता. मी उठून कपाटाकडे गेले, माझा डबा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. आत काय आहे ते मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. झाकणाला मी अजून हातही लावला नव्हता. पार्थनं तो डबा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला, मान वर करून माझ्याकडे बघत गोड हसला आणि म्हणाला, "थँक्यू, मिस."